पान्ह्याची सुई

माझ्यावर जनावराला क्रूरपणे वागवल्याचा गुन्हा दाखल झाला होता. उतारवयात माणसाच्या नावावर काय काय चढतं, कोणाच्या मोतीबिंदू, कोणाच्या साखर. माझ्या नावावर हा खटला चढला. गावात कोणाला खरं वाटेना. मलाही वाटत नव्हतं. म्हणून जे झालं ते झालं तसं सांगतो, मला लावून-जोडून सांगता येत नाही.

म्हैस कागदावर माझी होती, पण खरी बायकोची. आमच्याच कोठ्यात जन्मलेली वगार. बायकोनं तिला लहानाची मोठी केली, आजारात हळद-गूळ पाजला, उन्हाळ्यात अंगावर ओलं पोतं टाकलं. पहिल्या वेताला तिचं पिल्लू थोड्याच दिवसांत मेलं. म्हशीनं खुट्याला डोकं घासून घासून रक्त काढलं आणि पान्हा चोरला. कास दुधानं तट्ट फुगलेली, पण सडातून थेंब नाही. दूध वर ओढून धरते म्हैस, तिच्या मनात नसलं तर कोणाच्या बापाला देत नाही.

बायको तिच्यापाशी जाऊन नुसती बसू लागली. हात लावायची नाही. बडबड करायची, कोणाच्या घरी काय झालं, कोणाची सून कशी आहे. असे काही दिवस गेले. मग एका सकाळी म्हशीनं मान वळवली आणि बायकोची पाठ चाटली. पिल्लाला चाटते तशी. ही तशीच बसून राहिली, हळूच हात कासेखाली नेला, आणि धार लागली. तेव्हापासून तोच नेम. म्हैस पाठ चाटणार, ही धार काढणार. म्हशीची जीभ म्हणजे खरखरीत कानस. बायकोचं एकही लुगडं पाठीवर धड राहिलं नाही. पाठ ओली घेऊनच ती चुलीपाशी यायची आणि चहा मांडायची.

मी शेतातला माणूस. मला धार काढता येत होती, पण म्हैस मला जवळ येऊ देत नसे. बायकोला याचा फार आनंद.

"तुमचा हात लोखंडाचा हाय," म्हणायची. "तिलेच काय, मले बी टोचते."

मागच्या कापूस वेचणीच्या दिवसांत बायको अंगणात पडली. डोक्यात रक्त साकळलं होतं. अमरावतीच्या दवाखान्यात नेली, तिथं थोडे दिवस होती, पण शेवटपर्यंत बोलली नाही. काय सांगायचं होतं का काही नव्हतं, ते मला माहीत नाही. तिला परत आणली तेव्हा अंगणात माणसं उभी होती आणि कोठ्यातून म्हैस ओरडत होती. शेजारणीनं धार काढायचा यत्न केला होता, तिला लाथ बसली होती.

तेरवी होईपर्यंत कास दगडासारखी झाली. थोडं थोडं दूध आपोआप गळायचं, तेवढंच. ढोरांचा डॉक्टर आला. म्हणाला, "दूध असंच राहिलं तर कास सडेल. कोमट पाण्यानं शेका, पुढं सरकीची ढेप ठेवा, जवळ बसत जा. घाई करू नका." त्याचं चुकीचं काही नव्हतं. मी सगळं केलं. म्हैस ढेप खायची आणि मी बसलो की पाय झाडायची.

लेक अमरावतीला राजापेठेत राहते. तिचं म्हणणं एकच.

"बाबा, म्हैस इकून टाका अन् चला माझ्याकडं."

"तुझ्याकडं काय करू? खाली शिकवणीचा क्लास, वर तुमी, रस्त्यात गाड्यांचं पॉंपॉं."

"इथं काय करता? भितीकडं पाहता."

"भीत बोलत नाई, हे बरं हाय."

ती हसली नाही. रडली.

आमच्याकडे बाई माहेरी गेली की गडी तिचं लुगडं अंगावर घेऊन धार काढतो. यात लाजण्यासारखं काही नाही, सगळे करतात, सांगत कोणी नाही. बायकोचं रोजच्या वापरातलं लुगडं कोठ्याच्या दांडीवर तसंच लटकलेलं होतं, शेवटच्या दिवशी काढून ठेवलेलं. मी ते डोक्यावरून पांघरलं, अंगाभोवती गुंडाळलं आणि जाऊन बसलो. म्हशीनं लांब श्वास घेतला. मग परत घेतला. बराच वेळ ती नुसती हुंगत राहिली. मी हललो नाही. मग तिची जीभ माझ्या पाठीवर फिरली.

तेरवीला मी रडलो नव्हतो. तेव्हा रडलो. बालटीत दूध पडत होतं आणि मी रडत होतो, दोन्ही चालू होतं.

थोडे दिवस असे गेले. सकाळ-संध्याकाळ मी लुगडं घ्यायचो, म्हैस चाटायची, दूध द्यायची. कास मऊ पडली. मला वाटलं, निघेल असंच.

मग लेक आली. आईचे कपडे नात्यातल्या बायांना वाटायचे होते, तशी रीत आहे. तिनं पेटीतलं सगळं काढलं, साबण लावून धुतलं, घड्या केल्या. दांडीवरचं लुगडंही धुतलं. मी शेतात होतो. आलो तेव्हा ते तारेवर वाळत होतं.

"किती मळलं होतं बाबा हे," लेक म्हणाली. "शेणानं भरलं होतं. आता कसं साफ दिसते पाहा."

मी हो म्हणालो.

दुसऱ्या दिवशी म्हशीनं हुंगलं, नाकातून जोरात वारा सोडला आणि तोंड फिरवलं. साबणाचा वास. बालटी तिनं लाथेनं भिंतीवर मारली. मी पेटीतली बाकीची लुगडी हुंगून पाहिली, सगळी धुतलेली. उशीची खोळसुद्धा. घरात बायकोचा वास कुठं उरला नव्हता.

लेकीला मी हे सांगितलं नाही. आईचा वास तू धुतला, असं पोरीला कोणत्या तोंडानं सांगायचं? आता लिहिलं म्हणून तिला कळेल. कळू दे. तिनं आईचे कपडे धुतले, त्यात दोष कसला.

कास पुन्हा फुगली. दर्यापूरला ढेप आणायला गेलो तेव्हा दुकानदारानं माझं तोंड पाहूनच विचारलं.

"बुवा, काय झालं? म्हैस देत नाई का?"

"नाई देत. वर ओढून धरते."

"मंग कायले जीव काढून राहिले? हे न्या." त्यानं काउंटरखालून काचेची छोटी बाटली काढली, सोबत सुई. "मानेत टोचा. तुमची तंबाखू मळून होईपर्यंत कास खाली."

"औषध हाय का काय हाय?"

"औषधच समजा. सारे दूधवाले यावरच चालून राहिले."

बाटलीवर चिठ्ठी नव्हती. मी विचारलं नाही. मी चौथी शिकलेला. सुई म्हणजे डॉक्टर आणि डॉक्टर म्हणजे बरं होणं, एवढंच मला माहीत. लाळ-खुरकतीची सुई मी पाहिली होती, ही तशीच.

आणि ती लागू पडली. टोचली की म्हैस थोडा वेळ उभी राहायची, मग पाठ वर काढायची, शेपटी उचलायची, मागचे पाय फाकवून थरथरायची. मग पान्हा उतरायचा. मला वाटायचं, पान्हा उतरताना असंच होत असेल. कास रिकामी व्हायची, सूज गेली, म्हैस ओरडायची थांबली. मी सकाळ-संध्याकाळ टोचू लागलो. लुगडंही घ्यायचो. त्याचा उपयोग नव्हता, पण घ्यायचो.

एका सकाळी अंगणात जीप थांबली. दोन शिपाई, औषधखात्याचा एक साहेब आणि अमरावतीची एक तरुण पोरगी. जनावरांसाठी काम करणाऱ्या संस्थेतली. ढेपवाल्याच्या दुकानावर धाड पडली होती आणि त्यानं सुया कोणकोण नेतं ते सांगून टाकलं होतं. ते कोठ्याच्या दारात आले तेव्हा मी डोक्यावर पदर घेतलेला आणि हातात सुई.

एक शिपाई हसत सुटला. "साहेब, बुढा कोणता अन् बुढी कोणती, काई समजूनच नाई राहिलं."

पोरगी हसली नाही. तिच्या हातात फोन होता, ती फोटो काढत होती. तिनं विचारलं, "काका, हे लुगडं कुणाचं?"

"मेली तिचं."

तिनं फोन खाली केला. मग थोडं थांबून परत वर केला. मला तिचं ते आवडलं नाही, पण आज वाटतं, काम करायला आली होती, करणारच.

साहेबानं विचारलं, "इंजेक्शन तुम्हीच देता?"

"मीच देतो. दुसरं कोण हाय घरात?"

"कशाचं आहे ठाऊक आहे?"

"पान्ह्याचं."

"कधीपासून?"

"बुढी मेल्यावर. तारीख नाई सांगता येत."

सगळं लिहून घेतलं. शेजारच्यांना बोलावून पंचनामा केला, बाटली, सुई पाकिटात घातली. मग गाडी आली. मला वाटलं बाटलीसाठी आली. ती म्हशीसाठी होती. चार माणसं मागून लोटू लागली, म्हैस फळीवर पाय ठेवेना, डोळे पांढरे करून मागं रेटत होती.

मी म्हणालो, "मागून लोटू नोका. पाय मोडेल तिचा. मी पुढं चढतो."

तसाच, लुगडं अंगावर, मी फळीवरून गाडीत चढलो. म्हैस माझ्यामागं आली. साबणाच्या वासानं तोंड फिरवणारी म्हैस त्या दिवशी माझ्यामागं का आली, ते मला कळलं नाही. गाडीत तिला बांधून मी खाली उतरलो. ती माझ्याकडं पाहत होती. गाडी मूर्तिजापूरच्या रस्त्यानं अकोल्याकडं गेली. तिथल्या पांजरपोळात ठेवणार, निकाल लागेपर्यंत.

ठाण्यात मला अटक केली नाही. बोलावलं की यायचं, अशी नोटीस दिली. ठाणेदार वागायला बरा होता. चहा दिला.

"काका, तिला मारलं-झोडलं का कधी?"

"तिले नाई. बैलाले मारलं हाय. शेपटी पिळली हाय. खोटं कायले सांगू?"

"ते नाही विचारलं मी," तो म्हणाला आणि त्यानं लिहिणाऱ्याला हात केला, हे लिहू नको म्हणून.

गावात हसू झालं. लोक म्हणत, अशा खटल्यात चहापाण्याइतका दंड असतो, फेकून द्या आणि मोकळे व्हा. जावयाचंही तेच म्हणणं. त्यानंच दर्यापूरच्या कोर्टातला वकील पाहून दिला. वकिलापाशी बसल्यावर मी म्हणालो, "मी दिली सुई. कबूल करतो, दंड भरतो, म्हैस घेऊन जातो."

वकिलानं चष्मा काढला.

"काकाजी, तुम्ही म्हणता ते मारहाणीचं कलम. दंड थोडा, म्हैस परत. तुमच्यावर सुईचं कलम लागलं. यात दंड आहे, कैदही होऊ शकते. ती होऊ देत नाही मी. पण गुन्हा शाबीत झाला की जनावर सरकारजमा."

"म्हंजे?"

"म्हणजे म्हैस तुमची राहत नाही."



"आणि नाई म्हटलं तर?"

"तर त्यांनी सिद्ध करावं. बाटलीवर चिठ्ठी नाही. तुम्ही पोलिसांपुढं बोलले ते कोर्टात धरत नाहीत. मी पाहतो. तुम्ही फक्त एक शब्द बोला, 'नाही'. म्हैस घरी येईल."

मी आयुष्यात खोटं बोललो नाही असं नाही. पण आपल्या फायद्याचं खोटं आपल्याच तोंडानं साहेबापुढं म्हणायचं, हे मला जड जात होतं. तरी मी ठरवलं, म्हणायचं. म्हैस घरी आणायची. बाकी मला काही नको होतं. बायकोच्या हातचं जिवंत असं घरात तेवढंच उरलं होतं.

लेकीकडे गेलो तेव्हा हे तिला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती.

"कबूल करून टाका बाबा. म्हैस गेली तर जाऊ द्या. त्या म्हशीपायीच तुमी तिथं अडकून हाय."

"थे गेली तर तुझ्या मायचं काय उरलं?"

लेकीनं लाटणं ठेवलं. माझ्याकडं पाहिलं.

"मी नाई का?"

चहा पिऊन उठलो.

तारखेआधी एकदा म्हैस पाहून यावी म्हणून मी अकोल्याला निघालो. मूर्तिजापूरपर्यंत काळीपिवळी जीपमध्ये कोंबून, तिथून रेल्वेगाडीनं अकोला, मग ऑटो. पांजरपोळ गावाबाहेर आहे. पत्र्याचे लांब लांब मांडव, मोडक्या पायाचे बैल, आंधळी गाय, कान फाटलेलं गाढव. वाईट जागा नव्हती. झाडलेली होती.

म्हैस शेवटच्या मांडवात होती. मी आधी तिला ओळखलंच नाही, कारण तिच्या पोटाखाली एक हेल्याचं पिल्लू, नर रेडकू, दूध पीत होतं. शेपटी हलवत, ढुशा मारत. आणि ती मान वळवून त्याची पाठ चाटत होती.

मी उभा राहिलो. बायको जशी हाक मारायची तशी मारली, "ये वं माय." म्हशीचे कान उभे झाले. तिनं माझ्याकडं पाहिलं. बरोबर पाहिलं, ओळखून पाहिलं. मग पिल्लानं ढुशी मारली आणि ती परत त्याला चाटायला लागली.

"कुणीतरी रस्त्यावर सोडलं होतं त्याला," मागून आवाज आला. "नर आहे म्हणून."

जीपमधून आलेली तीच पोरगी. सुटीच्या दिवशी तिथं कामाला येते, हातात शेणाचं फावडं होतं.

"आधी मारायची त्याला," ती म्हणाली. "आम्ही दोघांना शेजारी शेजारी ठेवलं. एक दिवस चाटायला लागली."

"अन् दूध कोण काढते?"

"कुणी नाही. सगळं तोच पितो."

"सारं?" मला राहवलं नाही. "येवढं दूध एका हेल्याले? तो काय आमदार होणार हाय?"

ती हसली. फावड्यावर हात टेकून चांगली हसली. मग मीही थोडा हसलो. बायको गेल्यावर पहिल्यांदा हसलो असेन, आणि तेही जिनं मला ठाण्यात नेलं तिच्यासोबत.

मग मी तिला विचारलं. "पोरी, त्या सुईत असं काय हाय?"

तिनं फावडं खाली ठेवलं. म्हणाली, "बाईला बाळंतपणात कळा याव्यात म्हणून जे देतात, तेच औषध आहे, काका. डॉक्टरच्या हातात ठीक आहे. पण रोज दोन वेळा दिलं की रोज दोन वेळा पोट आवळतं. कळाच येतात."

"म्हशीले बी?"

"म्हशीलाही."

मी मांडवाच्या खांबाला धरून खाली बसलो. पाठ वर काढणं, शेपटी उचलणं, पाय फाकवून थरथरणं. हे मी किती म्हशी विताना पाहिलं होतं. माझ्या हातानं पिल्लं ओढून काढली आहेत. जन्म गेला ढोरांत, आणि समोर उभ्या जनावराला कळा येत आहेत, हे मला ओळखू आलं नाही. कारण पिल्लू येणार नव्हतं. बालटीत दूध पडत होतं, आणि माझी नजर बालटीवर होती.

लेकीच्या वेळी बायको घरीच बाळंत झाली. मी बाहेर बैलगाडीच्या धुऱ्यावर बसून दोर वळत होतो. आतला आवाज ऐकू येऊ नये म्हणून तोंडानं काहीतरी पुटपुटत होतो. ती दुपार मला तिथं खांबाजवळ आठवली. एका दुपारीच मला ते सहन झालं नव्हतं.

मग राग आला. कोणाचा तरी यायचाच होता, तिचा आला.

"तुमी मले आधी येऊन हे कावून नाई सांगितलं? दुकानावर गेल्या, पोलीस घेऊन आल्या, गाडी आणली. अशीच एक दिवस येऊन सांगितली असती ही गोष्ट, मी सुई उकिरड्यात फेकली असती."

"सांगायला गेलं की लोक ऐकत नाहीत, काका. हाकलून देतात."

"मी आयकलं असतं."

"ते मला कसं कळणार?"

तिचंही बरोबर होतं. माझंही होतं. आम्ही दोघं पिल्लाकडं पाहत राहिलो.

"मी साक्षीला आहे," ती म्हणाली. "जे पाहिलं तेच सांगणार. जास्त नाही, कमी नाही."

"सांग. मी कुठं अडवून राहिलो."

"एक विचारू? ती घरी आली तर धार कशी काढणार तुम्ही?"

येताना गाडीत सगळा रस्ता तेच डोक्यात होतं. हे पिल्लू संस्थेचं, ते काही मला देणार नाहीत. म्हैस घरी नेली की तिचं दुसरं पिल्लू तुटणार. ती परत डोकं घासणार, परत कास फुगणार, मी परत समोर बसणार, हातात सुई नाही आणि लुगड्याला वास नाही. मला म्हैस पाहिजे होती. तिला मी पाहिजे होतो, असं त्या मांडवात मला काही दिसलं नव्हतं.

तारखेच्या दिवशी लेक डबा घेऊन कोर्टात आली. वकिलानं दारातच सांगितलं, "एकच शब्द, काकाजी."

न्यायाधीश तरुण बाई होत्या. त्यांनी गुन्हा वाचून दाखवला, साध्या भाषेत समजावून सांगितला आणि विचारलं, "गुन्हा कबूल आहे का?"

"बाईसाहेब, सुई मी दिली. औषध समजून दिली, पण दिली."

वकिलानं माझी बाही ओढली. बाईसाहेबांनी लेखणी ठेवली.

"विचार करून बोला. कबूल केलं तर म्हैस तुम्हाला परत मिळणार नाही. वकिलांनी सांगितलं आहे ना?"

"सांगितलं हाय. त्यासाठीच बोलून राहिलो."

"त्यासाठी म्हणजे?"

मी पिल्लाचं सांगितलं. जास्त काही सांगितलं नाही, लुगड्याचं तर नाहीच. एवढंच म्हणालो की तिच्याजवळ एक पिल्लू आहे, ते तिच्यापासून तोडू नये, तेवढं लिहून द्या.

बाईसाहेबांनी लेखणी परत उचलली. मग म्हणाल्या, "आदेशात ते कितपत लिहिता येईल ते पाहते. संस्थेला तसं कळवायला लावते." दंड सांगितला. आणि शिक्षा, कोर्ट उठेपर्यंत बसून राहायचं.

अशी शिक्षा असते हे मला माहीत नव्हतं. मागच्या बाकावर मी बसलो, लेक शेजारी. आमच्यासमोर दिवसभर इतरांची भांडणं चालली, कोणाचा बांध, कोणाचा धनादेश. वकील एकदा येऊन म्हणाला, "तुमचा खटला मी जिंकत होतो, काकाजी." मी म्हणालो, "मले माहीत हाय. तुमचा दोष नाई." त्याला त्याचं वाईट वाटलं होतं, तो माणूस चांगला होता. तो ढेपवाला जामिनावर सुटून पुन्हा दुकानात बसला आहे हेही त्यानंच सांगितलं. त्याचा खटला वेगळा चालेल. कधी, ते कोणाला माहीत.

दुपारच्या सुटीत लेकीनं बाहेर निंबाखाली डबा उघडला.

"एक सांगा बाबा. मायच्या लुगड्यानं देत होती ना थे दूध? मंग सुई कावून लागली?"

"हळूहळू वास गेला," मी म्हणालो. "दिवसामागं दिवस जाते, वास जाते."

तिनं मान हलवली. मला भाकरीवर ठेचा वाढला. सकाळी बाईसाहेबांपुढं खरं बोलून झालं होतं, आणि इथं निंबाखाली खोटं बोललो. मला त्याचं काही वाटलं नाही.

संध्याकाळी कोर्ट उठलं. शिपायानं हात केला, जा म्हणून. लेकीनं विचारलं, "आता तरी येता का माझ्याकडं?" घरी कोठा रिकामा होता, सकाळी उठून कोणाला कुटार टाकायचं नव्हतं. मी तिच्यासोबत अमरावतीच्या बसमध्ये बसलो. थोडे दिवस राहिलो. खाली क्लासच्या पोरांचा गोंगाट फार, पण झोप लागत होती. पेरणीला परत आलो. लेक रागावली नाही. पुन्हा कधी येता एवढंच विचारलं.

नंतर एकदा अकोल्याला गेलो. फाटकावर नवा माणूस होता.

"कोणाले भेटाचं?"

"एक म्हैस हाय. हेला हाय तिच्याजवळ."

"तिचे मालक का?"

"नाई. मालक सरकार. मी ओळखीचा."

त्यानं माझ्याकडं वरून खाली पाहिलं आणि आत सोडलं. म्हैस बसून रवंथ करत होती. हेला चांगला दांडगा झाला होता, तिला टेकून झोपला होता. या वेळी मी हाक मारली नाही. तिनंही मान वळवली नाही. बरं वाटलं असं लिहिलं तर ते खोटं होईल. वाईट वाटलं. पण तिची पाठ सरळ होती, कास मऊ होती, आणि मला पाहायचं होतं ते पाहून झालं होतं.

पिशवीत थोडी ढेप नेली होती. फाटकावरचा माणूस म्हणाला, बाहेरचं खायला घालू देत नाही. परत घेऊन आलो. शेजाऱ्याच्या गाईला टाकली.